ट्रेसिंगच्या रिंग बफरमधले इव्हेंट मधूनच खराब होतात, प्रिंट-के (कर्नलमधून लॉगमध्ये ओळ छापणं) टाकलं की बग गायब. शोधायचं कसं?

तुमचा प्रश्न मला असा कळला: कर्नल मॉड्यूलमध्ये दर सीपीयूला वेगळा रिंग बफर (शेवट आला की पुन्हा सुरुवातीपासून लिहिला जाणारा), लॉक नाही, कंपेअर-अँड-स्वॅपने (मूल्य अजून तेच असेल तरच बदलणारी सूचना, फसली की लूपमध्ये पुन्हा) जागा घेता. लोड वाढला की काही इव्हेंट अर्धे जुने अर्धे नवे दिसतात, काही ठिकाणी टाइमस्टँप मागे जातो. एक्स८६ वर क्वचित, एआरएम बोर्डावर वारंवार. जागोजागी मेमरी बॅरियर (वाचन-लेखनाचा क्रम पाळायला लावणारी सूचना) घातल्यावर प्रमाण कमी झालं, पण बग गेला नाही.

आधी ते बॅरियर काढून टाका. प्रमाण कमी झालं याचा अर्थ टायमिंग बदललं, एवढाच. प्रिंट-के टाकल्यावर बग पळतो तोही त्याचमुळे. त्या एका ओळीला लागणारा वेळ तुमच्या पूर्ण इव्हेंटच्या कितीतरी पट असतो, मग जी फट शोधायची तीच बुजते.

त्याऐवजी खराब झालेल्या बाइट्सनाच बोलतं करा. डीबग बिल्डमध्ये दोन गोष्टी घाला. एक, बफरचं पान पुन्हा वापरायला घेताना ते पूर्ण ५५ ५५ ५५ ५५ ने भरा. दोन, प्रत्येक इव्हेंटच्या सुरुवातीला सीपीयू क्रमांक, संदर्भ (साधा टास्क, सॉफ्टआयआरक्यू म्हणजे इंटरप्टचं मागे ठेवलेलं काम, इंटरप्ट की एनएमआय म्हणजे रोखता न येणारा इंटरप्ट) आणि अनुक्रमांक लिहा, आणि शेवटी त्याच अनुक्रमांकाचे सगळे बिट उलटे करून लिहा. मग बफरचा डंप (मेमरीची जशीच्या तशी प्रत) उघडा. समजा ४८ बाइटचा इव्हेंट आहे, हेडर ठीक, पुढच्या १६ बाइट ठीक, आणि तिथून शेवटपर्यंत ५५. म्हणजे जागा घेतली गेली, लिहिणं अर्धवट असताना रीडर येऊन गेला. ५५ च्या जागी दुसऱ्याच अनुक्रमांकाचा मजकूर असेल तर दोन रायटरना एकच जागा मिळाली आहे, किंवा बफर फिरून येऊन वाचला जात असलेला भाग पुसला गेला आहे. हे वेगवेगळे रोग आहेत, औषधही वेगळं.

पहिला प्रकार सगळ्यात जास्त आढळतो. एसटीत खिडकीतून रुमाल टाकला की जागा धरली जाते, पण माणूस अजून बसलेला नसतो. तुमचा रीडर रुमाल बघून माणूस मोजतोय. रिझर्व्ह (जागा धरली) आणि कमिट (लिहून झालं) या दोन वेगळ्या नोंदी हव्यात. आयबीएमच्या के४२ या संशोधन ऑपरेटिंग सिस्टिममध्ये हा प्रश्न आणखी बिकट होता, कारण तिथे ट्रेस बफर युजर प्रोसेसलाही मॅप केलेले असत. जागा घेऊन प्रोसेस मधेच थांबली किंवा मेली तर? रॉबर्ट विस्निएव्स्की आणि ब्रायन रोझेनबर्ग यांनी २००३ च्या पेपरात मांडलेला उपाय साधा आहे: प्रत्येक बफरला प्रत्यक्ष लिहून झालेल्या मजकुराची वेगळी मोजणी ठेवायची. बफर भरला आणि मोजणी जुळली नाही, तर त्यातलं काहीतरी अर्धवट आहे हे कळतं. लॉक न घेता एवढी खात्री मिळते.

टाइमस्टँप मागे जाण्याचं कारणही बहुतेक तुमच्या जागा घेणाऱ्या लूपमध्येच असेल. तुम्ही घड्याळ लूपच्या बाहेर वाचत असाल. घड्याळ वाचलं, तेवढ्यात इंटरप्ट आला, त्याने नंतरची वेळ घेऊन आधीची जागा पटकावली. परत आल्यावर तुमचा स्वॅप फसतो, तुम्ही पुन्हा प्रयत्न करता, पण हातात वेळ जुनीच. क्रम असा हवा: आधी इंडेक्स वाचा, मग घड्याळ, मग स्वॅप, आणि फसला की तिन्ही पुन्हा. स्वॅप यशस्वी झाला म्हणजे मधे कोणी शिरलं नाही, म्हणून वेळेचा क्रम आणि जागेचा क्रम एकच. यासाठी इंडेक्स सतत वाढता ठेवा, बफरच्या आकाराने भागणं फक्त पत्ता काढताना.

आता लोक ज्याकडे काणाडोळा करतात ते: टास्कचं स्थलांतर. लिनक्सच्या एफट्रेस या ट्रेसरच्या रिंग बफरचा (स्टीव्हन रोस्टेट यांचं काम, २००८ मध्ये २.६.२८ मध्ये आला) पूर्ण डोलारा एका गृहीतकावर उभा आहे. एका सीपीयूवर जो नंतर शिरतो तो आधी संपतो: इंटरप्ट टास्कला अडवतो, एनएमआय इंटरप्टला अडवतो, आणि प्रत्येक जण आपलं काम पुरं करूनच परततो. म्हणून कमिट पुढे सरकवण्याचं काम फक्त सगळ्यात बाहेरच्या रायटरकडे. रिझर्व्हपासून कमिटपर्यंत प्रीएम्प्शन (टास्क मधेच थांबवून दुसरा चालवणं) बंद ठेवलेलं असतं ते याचसाठी. तुम्ही सीपीयूच्या बफरचा पॉइंटर घेतला आणि त्यानंतर टास्क दुसऱ्या सीपीयूवर गेला, तर हे गृहीतक कोसळतं. त्यात एक्स८६ वर ‘लोकल’ प्रकारचा कंपेअर-अँड-स्वॅप लॉक प्रीफिक्सशिवाय चालतो. त्याच सीपीयूवरच्या इंटरप्टपासून तो सुरक्षित, दुसऱ्या सीपीयूपासून अजिबात नाही. डंपमध्ये एकाच बफरात दोन वेगळे सीपीयू क्रमांक दिसले तर इथेच थांबा, पुढे शोधायची गरज नाही.

हे सगळं स्वच्छ निघालं तरच बॅरियरकडे वळा. एक्स८६ वर लोड-लोड आणि स्टोअर-स्टोअर यांचा क्रम हार्डवेअर सांभाळतं, त्यामुळे चूक बराच काळ झाकली जाते. एआरएम आणि पॉवरपीसी दयामाया दाखवत नाहीत. खुद्द पर्फ या लिनक्सच्या कामगिरी मोजणाऱ्या साधनाच्या रिंग बफरमध्ये एक बॅरियर राहून गेला होता. २०१३ मध्ये पॉवरपीसीवर काम करणाऱ्यांच्या ते लक्षात आलं, मग पीटर झिल्स्ट्रा यांनी तो घातला आणि कालबाह्य कॉमेंट्सही दुरुस्त केल्या. नियम दोनच जोड्यांचा आहे. रायटरने मजकूर लिहून मगच हेड (कुठवर लिहिलं याची खूण) पुढे करायचं (रिलीज), रीडरने हेड वाचून मगच मजकूर वाचायचा (अक्वायर). आणि उलट दिशेने, रीडरने वाचून झाल्याशिवाय टेल (कुठवर वाचलं याची खूण) पुढे करायचं नाही. यापलीकडे घातलेला प्रत्येक बॅरियर कशाशी जोडी जमवतो हे कॉमेंटमध्ये लिहिता आलं नाही, तर तो तिथे नको.

बग हमखास यावा म्हणून फट रुंद करा. रिझर्व्ह आणि लिहिणं यांच्या मधे डीबग बिल्डमध्ये काही मायक्रोसेकंदांचा विलंब घाला, कधी शून्य, कधी पन्नास. बाजूला हॅकबेंच (शेड्युलरवर ताण देणारी चाचणी) चालू ठेवा आणि पर्फचं सॅम्पलिंग चढवून एक्स८६ वर एनएमआयचा मारा करा. तासन्‌तास वाट बघायला लावणारा बग असा बऱ्याचदा लगेच समोर येतो. केसीसॅन (डेटा-रेस शोधणारं साधन, ५.८ पासून कर्नलमध्ये आहे) सीपीयू-सीपीयूमधली शर्यत पकडायला चांगलं, पण तेही टायमिंग बदलतं, म्हणून ते वेगळ्या फेरीत.

तुमच्या वर्णनावरून मला हे दोन स्वतंत्र बग वाटतात: टाइमस्टँपचा दोन्ही मशीनवर, आणि अर्ध्या इव्हेंटचा, जो एआरएमवर जास्त उघडा पडतो. पहिला आधी मिटवा, दहा ओळींचं काम आहे. आणि हा ट्रेसर शिकण्यासाठी लिहीत नसाल, तर सरळ कर्नलचे ट्रेस इव्हेंट वापरा. तिथे बफर फिरून अजून कमिट न झालेल्या पानापर्यंत पोचला तर नवा इव्हेंट टाकून दिला जातो आणि स्टॅट्समध्ये ‘कमिट ओव्हररन’ म्हणून मोजलाही जातो. तुमच्या कोडमध्ये त्या प्रसंगी काय होतं, हे प्रश्नात कुठे दिसलं नाही. तेवढा भाग आणि एक खराब इव्हेंट बाइट्ससकट इथे टाका, मग पुढे बघू.