मॅककिबन स्नायूचं सूत्रातलं बल आणि लोडसेलवरचं बल जुळत का नाही?

मॅककिबन स्नायू म्हणजे विणलेल्या जाळीत बसवलेली रबरी नळी; हवा भरली की ती फुगते, आखडते आणि टोकं ओढते. तुमचे आकडे असे: जाळीची त्रिज्या ७ मिमी, दाब ३ बार, जाळीच्या धाग्याचा नळीच्या अक्षाशी कोन २५ अंश. दोन्ही टोकं पक्की धरून सूत्रानं ३७८ न्यूटन येतात, लोडसेल (बल मोजणारं उपकरण) २८०च्या पुढे सरकत नाही. उरलेले घर्षणात गेले का, असं विचारलंय.

घर्षणावर खापर फोडण्याआधी कोन पुन्हा मोजा. मीही एकदा आठवडाभर घर्षणाचा गुणांक शोधत बसलो होतो, आणि चूक निघाली कोनमापकात.

या स्नायूच्या बलाचं जे सूत्र तुम्ही वापरलंय, त्या तोंदू-लोपेझ सूत्रात हिशेब सरळ आहे: हवेनं केलेलं काम तेवढंच ओढीचं काम.

बल = क्षेत्रफळ × दाब × [अ × (१ − आकुंचन)² − ब]

इथे अ म्हणजे ३ भागिले धाग्याच्या कोनाच्या टॅनचा वर्ग, ब म्हणजे १ भागिले त्याच कोनाच्या साइनचा वर्ग. आकुंचन म्हणजे मूळ लांबीचा किती भाग कमी झाला ते; तुमची टोकं पक्की आहेत, म्हणून ते शून्य. क्षेत्रफळ गुणिले दाब तुमच्याकडे जेमतेम ४६ न्यूटन होतं. बाकी सगळी करामत कंसाची. २५ अंशाला कंस ८.२ येतो, २८ अंशाला ६.१. म्हणजे २८१ न्यूटन. तीन अंशांत तुमचा सगळा फरक निघाला!

गोल नळीवर कोनमापक नीट बसत नाही. त्यापेक्षा जाळीतल्या एका धाग्यावर मार्करनं खूण करा आणि त्याचा एक पूर्ण वेढा किती लांबीत होतो ते पट्टीनं मोजा. १४ मिमी व्यासाला २५ अंश असेल तर ९४ मिमी भरेल, २८ असेल तर ८३. मोजायचं ते क्लॅम्प आवळल्यावर, हवा न भरता, जाळी नळीला चिकटून असताना. आवळताना जाळी किंचित आखडते आणि कोन वाढतो. सुट्या जाळीवर घेतलेलं माप म्हणूनच फसवतं.

दाब गेजवरचाच घाला, त्यात वातावरणाचा मिळवू नका. नळी जाळीत सैल असेल तर थोडा दाब ती फुगवण्यातच खर्ची पडतो. टोकं निमुळती होतात, तिथे सूत्रातला सरळ दंडगोल नसतो. आखूड स्नायूत हे जास्त जाणवतं.

घर्षण वेगळं काढायचं तर लांबी तीच ठेवून, आधी स्नायू आखडवत आणि मग ताणत त्या लांबीवर आणून, दोन वाचनं घ्या. दोन्हींच्या मधला आकडा सूत्राशी ताडून बघा, आणि नवा कोन किती आला ते इथे कळवा.