गाळ की अवसाद?

सरोवराच्या तळाशी साचलेल्या थरांवरून हजारो वर्षांपूर्वीचा पावसाळा आणि झाडझाडोरा कसा होता, हे शोधणाऱ्या अभ्यासाविषयी मराठीत लिहिताना त्या साचलेल्या द्रव्याला 'गाळ' म्हणावे की 'अवसाद', असा प्रश्न आला आहे. 'गाळ' हा विहीर उपसणाऱ्याच्या तोंडचा शब्द असल्याने शास्त्रीय लेखनात तो हलका वाटेल, अशी त्यामागची शंका आहे. माझे मत मात्र स्पष्टपणे 'गाळ' या शब्दाच्या बाजूचे आहे.

'अवसाद' हा शब्द 'सद्' म्हणजे बसणे या धातूला 'अव' म्हणजे खाली हा उपसर्ग लागून झाला आहे. इंग्रजी 'सेडिमेंट'च्या मुळाशी असलेले लॅटिन क्रियापद 'सेडेरे' हेही त्याच कुळातले आणि बसणे याच अर्थाचे आहे. तेव्हा व्युत्पत्तीच्या अंगाने शब्द चोख आहे. पण संस्कृतात त्याला खिन्नतेचाही अर्थ आहे आणि हिंदीत तर तोच रूढ झाला आहे. उलट, पावसाळ्यात गढूळ पाणी आले की आपण हंड्यात तुरटी फिरवतो आणि काही वेळाने 'गाळ खाली बसला' असे सहज म्हणतो. 'अवसाद' जे सांगू पाहतो, ते सारे या 'खाली बसला'मध्ये आलेले आहे.

एक अडचण मात्र खरी आहे. विहिरीतला किंवा धरणातला गाळ आपण उपसतो, शेतात नेऊन पसरतो. तिथे त्यातले काय आधी बसले आणि काय नंतर, याला महत्त्व नसते. या अभ्यासात तो क्रमच सर्वस्व असतो. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारच्या खाऱ्या सरोवरातून संशोधकांनी सुमारे १० मीटर लांबीचा गाळ न विस्कटता काढला, तेव्हा त्याच्या ठरावीक थरांमध्ये गेलुसाइट या खनिजाचे स्फटिक आढळले. पाणी आटून क्षार दाट झाले की हे खनिज तयार होते, म्हणून ते थर दीर्घ अवर्षणाचे मानले गेले: एक काळ सुमारे ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वीचा, दुसरा सुमारे २००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. अशा थरांत टिकून राहिलेल्या परागकणांवरून आसपास गवत अधिक होते की वृक्ष, हेही कळू शकते. म्हणून जिथे क्रम अभिप्रेत असेल, तिथे नुसते 'गाळ' न लिहिता 'गाळाचे थर' लिहावे. प्रक्रियेसाठी 'गाळ बसणे' पुरते. नामच हवे असेल तर 'अवसादन' जरूर वापरावे.

'साका' येथे चालणार नाही, कारण तो भांड्याच्या तळाशी बसणाऱ्या द्रव्याचा शब्द आहे. नळी खुपसून काढलेल्या उभ्या नमुन्याला 'गाभा' म्हणणेही मला पटत नाही. गाभा म्हणजे वस्तूचा अगदी आतला भाग, केळीचा असतो तसा. हा नमुना तर वरपासून खालपर्यंतचे सगळे थर घेऊन येतो. त्याला 'गाळस्तंभ' म्हणावे.