बास्केटबॉलमध्ये फ्री थ्रोला (फाउलनंतर लाइनवरून मिळणारा मोकळा शॉट) हात आखडतो म्हणणाऱ्या मुलीसाठी (लांबलंय, सॉरी)

अगं, तुझी पोस्ट वाचून पोटात गोळाच आला. प्रॅक्टिसला दहातले आठ पडतात आणि सेमीफायनलला शेवटच्या मिनिटात पहिला रिंगला लागून बाहेर, दुसरा सरळ एअरबॉल, रिंगला शिवलाही नाही. सेम टू सेम माझं, २००४ साली, एफवायला असताना. घरी येताना पीएमटीत अख्खा कर्वे रोड रडत काढला, कंडक्टरने सुट्टे पण मागितले नाहीत.

श्वास घे, पॉझिटिव्ह राहा हे सगळे सांगतीलच, ते सोडते. मी कुठे माती खाल्ली ते सांगते.

त्या मॅचनंतर जो तो डॉक्टर झाला. कोच म्हणाले कोपर आत घे, एक सीनिअर म्हणाली गुडघे अजून वाकव, आमचे एक काका (आयुष्यभर फक्त क्रिकेट) म्हणाले मनगट सैल सोड. आणि मी शहाणीने सगळ्यांचं ऐकलं! शाळेपासून हातात बसलेला शॉट तीन आठवड्यांत मोडून ठेवला. पुढच्या टूर्नामेंटला लाइनवर उभी राहिले तर डोक्यात कोपर, गुडघा, मनगट सगळ्यांची मीटिंग सुरू. फिबाच्या (बास्केटबॉलची आंतरराष्ट्रीय संघटना) नियमाने बॉल हातात आल्यापासून पाच सेकंद मिळतात, माझे पाचही मीटिंगमध्ये गेले आणि रेफरीने शिट्टी मारली. शॉट न मारताच गेला! तो एअरबॉल परवडला असता.

मोठ्यांचंही होतं हे. १९९५ च्या एनबीए (अमेरिकेची प्रो लीग) फायनल्सची पहिली मॅच, ऑर्लँडो तीन पॉइंटने पुढे, जेमतेम दहा सेकंद बाकी, त्यांच्याच निक अँडरसनने लागोपाठ चार फ्री थ्रो घालवले. ह्यूस्टनने बरोबरी करून ओव्हरटाइममध्ये मॅच जिंकली, पुढे सिरीज पण ४-०. आधी सत्तर टक्के मारणारा हा माणूस १९९६-९७ च्या सीझनला चाळीसवर आला. हात तोच, लाइन तीच १५ फुटांची. म्हणून म्हणते, एका मॅचवरून शॉटला हात लावू नकोस. बदलायचाच असेल तर सीझन संपल्यावर, आणि एकाच माणसाचं ऐकून.

मला फरक कशाने पडला? आधी मी रोज निवांत उभी राहून दोनशे मारायचे, त्याचा मॅचमध्ये काडीचा उपयोग नाही, कारण मॅचमध्ये तू धापा टाकत लाइनवर येतेस. मग आम्ही शटल रन (कोर्टच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत पळून परत) मारून लगेच फक्त दोन शॉट घ्यायचो, एक जरी चुकला तरी अख्ख्या टीमला परत शटल. पोरी अशा बघायच्या ना, त्यापुढे फायनलचं पब्लिक काहीच नाही. आणि रूटीन एकच: तीन ड्रिबल (बॉल जमिनीवर आपटायचा), लांब श्वास सोडायचा (घ्यायचा नाही, सोडायचा), नजर रिंगच्या मागच्या कडेवर, मार. पहिला चुकला की हवेत कोपर हलवून बघायचं नाही, तिथूनच मीटिंग सुरू होते.

अजून एक, यावर माझं डोकं अजून फिरतं. मुलींची मॅच सहा नंबरच्या बॉलने असते आणि आम्हाला प्रॅक्टिसला मुलांचा सात नंबरचा, मोठा आणि जड. मागायला गेलं की ऑफिसातले साहेब म्हणणार, "स्टोअरची चावी नाही", "अर्ज द्या", "सही व्हायचीय". चार महिने एका सहीसाठी! नवे कोरे सहा नंबरचे बॉल आत पडून, आणि बाहेर आम्हाला लेक्चर की तुम्ही मेंटली स्ट्राँग नाही. शेवटी आम्ही सहा जणींनी पैसे काढून एक बॉल आणला.

हां, मी कोच नाही, सायकॉलॉजिस्ट तर नाहीच, युनिव्हर्सिटीपर्यंत खेळलेली बाई आहे फक्त. मॅचच्या आठवड्यात झोपच उडत असेल, उलट्या होत असतील तर घरी बोल आणि काउन्सेलरकडे जा, तिथे शटल रन कामाचा नाही.

पावसाळ्यात ओपन कोर्टवर मॅच असेल तर बॅगेत ओलं फडकं ठेव, शेवाळ बुटांना चिकटतं, टाइमआउटला बुटांचे तळवे पुसून घेत जा.

आणि आधी हे सांग, तुम्हाला प्रॅक्टिसला बॉल कुठला देतात, सहाचा की साताचा?