‘विडंबन’ नको, ‘चालीवर’ म्हणा

प्रश्न असा आला आहे : लंडनच्या लायसियम थिएटरभोवती घडणारी, शेरलॉक होम्सला नायक करून आजच्या लेखकाने लिहिलेली एक रहस्यकादंबरी आहे. दुसऱ्या लेखकाच्या शैलीत केलेल्या अशा नव्या लेखनाला इंग्रजीत ‘पास्तीश’ म्हणतात. मराठी परिचयात त्याला ‘विडंबन’ म्हणावं का?

माझ्या मते नको. विडंबन म्हटलं की आपण हसायच्या तयारीने बसतो. अत्र्यांच्या ‘झेंडूची फुले’पासून ही सवय अंगात मुरली आहे. विडंबनकार मूळ शैलीची खोड पकडून ती फुगवतो. इथे लेखकाचा त्या शैलीवर जीव जडलेला असतो आणि होम्सवर आपण मनापासून विश्वास ठेवावा, अशी त्याची इच्छा असते. ‘अनुकरण’ला कमअस्सलपणाचा वास येतो. ‘नक्कल’ म्हणजे जुन्या नाटक मंडळ्यांत नटाला पाठ करायला उतरवून दिलेली त्याची भाषणं. फार गोड अर्थ, पण आज नक्कल म्हटलं की कॉपीच आठवते. ‘बेतलेली’ हा शब्द कथानकाकडे बोट दाखवतो आणि कथानक तर इथे नवं आहे.

‘पास्तीश’ आला इटालियन ‘पास्तिच्चो’वरून. मूळ अर्थ, नाना जिन्नस भरून भाजलेला पदार्थ. 18व्या शतकात हेच नाव एका प्रकारच्या ऑपेरालाही पडलं : आधीच्या ऑपेरांतली गाजलेली गाणी उचलायची, अनेकदा शब्द बदलायचे आणि नव्या कथेत बसवायची. संगीतकार हॅन्डेलनेही लंडनमध्ये असे खेळ उभे केले. म्हणजे हा शब्द रंगभूमीवर वावरून आलेला आहे.

मग आपल्या रंगभूमीकडेच का पाहू नये? 1880 मध्ये किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ आलं, त्या परंपरेतल्या नाटकाची जुनी छापील प्रत उघडा. पदाच्या डोक्यावर बारीक टायपात ‘चाल’ असं लिहून पुढे एखाद्या ओळखीच्या गाण्याचे पहिले शब्द दिलेले असतात. सूर लोकांच्या कानात आधीच बसलेला, शब्द नाटककाराचे. त्यात चोरी नाही, चेष्टाही नाही. चाल कुठली ते उघड छापलेलं. पास्तीशचं इतकं नेमकं वर्णन मला दुसरं सुचत नाही.

‘द साइन ऑफ फोर’ (1890) या कॉनन डॉइलच्या मूळ होम्सकादंबरीत होम्सकडे मदतीला आलेल्या मेरी मॉर्स्टनला निनावी पत्र येतं : संध्याकाळी सात वाजता लायसियमच्या बाहेर, डावीकडून तिसऱ्या खांबापाशी उभी राहा. आजच्या लेखकाने त्याच खांबाआड एखादा नट दबा धरून बसवला, तर होम्सप्रेमी वाचकाला चाल लगेच ओळखू येते आणि त्यावरचे नवे शब्द तो कान देऊन ऐकतो. ते खांब अजून उभे आहेत. मागची इमारत मात्र 1904 मध्ये जवळजवळ नव्याने बांधली गेली.

अडचण एकच. ‘चालीवर’चं सुटसुटीत नाम होत नाही. ‘चालकथा’ म्हटलं तर रहस्यकथेच्या संदर्भात ‘चाल’ म्हणजे डावपेच वाटेल. वाङ्मयप्रकाराचं नावच हवं असेल तेव्हा ‘पास्तीश’ देवनागरीत तसाच लिहावा. परिचयात मात्र नामावाचून अडत नाही. मी असं लिहीन : ‘होम्सकथांच्या चालीवर रचलेली, लायसियम थिएटरभोवती घडणारी नवी रहस्यकादंबरी.’