वाशीच्या पुलावर गाडी झुलते? आधी मूठ सैल कर

प्रश्नात वय 22 लिहिलंयस म्हणून थेट अगं-तुगंवर येतो, राग मानू नकोस. अ‍ॅक्टिवावरून 150 सीसीच्या बाईकवर आलीस, दोन महिने चेंबूर ते वाशी ऑफिसला जातेस, खाडीपुलावर 60 च्या पुढे गेलं की गाडी डावी-उजवीकडे झुलते. मेकॅनिक म्हणतो गाडीत काही नाही, बाबा म्हणतात विकून टाक. विकू नकोस.

मेकॅनिकचं खरं असेलही, पण एकदा स्वतः बघ. गाडी मेन स्टँडवर लाव, कुणाला तरी मागून दाबायला सांग म्हणजे पुढचं चाक उचललं जाईल, आणि हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन बोटांनी सावकाश फिरव. मधोमध खटकन अडलं तर कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, गेलाय. टायरमधली हवा गाडी थंड असताना तपास. किती हवी ते गाडीच्या स्टिकरवर किंवा पुस्तकात असतं, पंपावरच्या मुलाच्या अंदाजावर सोडू नकोस. हे दोन्ही ठीक असेल तर उरले वारा आणि तुझे हात. माझा संशय हातांवर जास्त आहे.

कारण माझंही तेच झालं होतं. पहिल्यांदा हा पूल मी ऐन जूनमध्ये ओलांडला. पलीकडे चहाच्या टपरीवर थांबलो तर हेल्मेटचा पट्टा सुटेना. पट्टा ठीक होता, बोटंच वळत नव्हती! शेवटी चहावाल्याने काढून दिला.

होतं असं की वाऱ्याचा झोत आधी अंगावर बसतो. अंग हलतं आणि ताठ धरलेल्या हातांतून तो धक्का हँडलमध्ये उतरतो. म्हणजे वारा गाडीला जेवढा हलवतो त्याहून जास्त आपण हलवतो. वेगात असताना पुढचं चाक आपलं आपण सरळ होऊ पाहतं, त्याला तेवढी मोकळीक हवी. गाडी धरायची ती गुडघ्यांनी, टाकीला. कोपरं थोडी वाकलेली, आणि विरार लोकलच्या दारात दांडा धरतात तशी मूठ अजिबात नको.

आता वारा एका बाजूने लागून राहिला तर? पावसाळ्यात तो नैऋत्येकडून येतो, म्हणजे वाशीहून परतताना समोरून, तिरका तुझ्या डाव्या हाताला. गाडी उजवीकडे सरकायला लागली की डाव्या हाताने हँडल हलकेच पुढे ढकल. हो, डाव्याच. जी बाजू ढकलशील तिकडेच गाडी कलते आणि वाऱ्यावर रेलून सरळ चालते. वाचताना उलटं वाटेल, पण एकदा वेग आला की तू प्रत्येक वळण असंच घेतेस, फक्त लक्षात येत नाही. मोकळ्या रस्त्यावर 40 ला एकदा करून बघ.

खरी फजिती ट्रकच्या बाजूने जाताना होते. तू वाऱ्याकडे, म्हणजे डावीकडे रेललेली, आणि डाव्या हाताला कंटेनर आला. त्याच्या आडोशाला वारा एकदम बंद. तू रेललेलीच, म्हणून गाडी त्याच्याकडे ओढल्यासारखी जाते. घाबरून उजवीकडे घेतेस, तोवर केबिनच्या पुढे निघालेली असतेस आणि अडलेला वारा सगळा एकदम अंगावर. नवखे इथेच शेजारच्या लेनमध्ये फेकले जातात. म्हणून ओव्हरटेक करताना मध्ये भरपूर जागा ठेव, आडोशात शिरताना डावा हात सैल कर, बाहेर पडायच्या आधी तयार राहा. आणि ट्रकच्या बाजूने रेंगाळू नकोस. झटकन पुढे जाता येत नसेल तर मागेच राहा, पण चिकटून नाही.

वेगाचं गणित एवढंच: वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा दाब चौपट होतो, ब्रेक दाबल्यापासून थांबायचं अंतरही साधारण चौपट. 80 ला गाडी एका सेकंदात 22 मीटर जाते. समोरून 30 चा वारा असेल तर तुझे 60 छातीला 90 सारखे लागतात. त्या दिवशी 50 ने जा, मागचा हॉर्न वाजवतो तर वाजवू दे. चौपदरी हायवेवरसुद्धा दुचाकीला मर्यादा 80 चीच आहे, त्यापुढचं शिकायची घाई नाही. पुलाच्या लोखंडी सांध्यांवर ओलं असताना ब्रेक किंवा झुकणं टाळ.

सराव रविवारी सकाळी साडेसहाला, पाम बीच रोडवर, पावसाळा सोडून. तेव्हा वारा पडलेला असतो. दुपारनंतर समुद्राकडून सुटतो, तोवर घरी ये. आधी 50, हात सैल होईपर्यंत. मग 60. नजर समोरच्या नंबरप्लेटवर न ठेवता लांब ठेव, निम्मी भीती तिथेच कमी होते.

आणि ती सॅक. लॅपटॉप, डबा, छत्री भरून पाठीवर सैल लोंबत असेल तर ती शीडच झाली की! पट्टे आवळ, छातीवरचा पट्टाही लाव. विंडचीटर फडफडणारा नको, ओढणी असेल तर सॅकमध्ये, चेनमध्ये गेली तर वाऱ्याचा प्रश्नच उरणार नाही. कोनसेट बघितलास की इथेच कळव, हँडल मधोमध अडतंय का एवढंच लिही.