वीस किलो वायर, वर्षाचे पंचेचाळीस रुपये

प्रश्न असा आला आहे: "एसटीच्या कार्यशाळेतून निवृत्त झालो. घर रत्नागिरी तालुक्यात, खाडीपासून हाकेच्या अंतरावर. दोन वर्षांपूर्वी हौसेने छोटं सीओटू वेल्डिंग मशीन घेतलं (कार्बन डायऑक्साइड गॅसच्या आडोशात वायर वितळवून जोड करणारं), त्यात ५ किलोपर्यंतचं स्पूल, म्हणजे वायरीचं रीळ, बसतं. घरची आणि भावकीतली कामं करतो. गेट, खिडकीची जाळी, कुंड्यांचे स्टँड, असं. वर्षाला दोनेक किलो वायर लागते. इथे ०.८ मिमी वायर १ किलोची घेतली तर ३४० रुपये, ५ किलोचं स्पूल १,००० रुपये. कोल्हापूरचा एक विक्रेता ५ किलोच्या चार स्पूलांचा बॉक्स १४० रुपये किलोने देतो म्हणतो. वर जीएसटी आणि ट्रान्सपोर्टचे २५०. पुढच्या महिन्यात भाव वाढणार, असंही म्हणाला. दमट हवेसाठी ६० वॉटचा बल्ब आत लावून लोखंडी कपाट करायचा विचार आहे. घेऊ का बॉक्स? जाता जाता, काम पडवीत करतो, वेल्डिंगची काच अजून हातात धरायचीच आहे."

नमस्कार काका,

बॉक्स घेऊ नका. कपाट तर मुळीच करू नका. ५ किलोचं एक स्पूल घ्या, तेही आत्ता नको, दसऱ्यानंतर. आता हिशोब दाखवतो, कारण तुम्ही आकडे इतके नीट लिहून पाठवलेत की नुसता "नको" म्हणून मोकळं होणं बरं नाही.

१४० हा आकडा आधी बाजूला ठेवा. तो कारखानदाराचा भाव आहे, तुमचा नाही. कारखानदार वायरीवर भरलेला १८ टक्के जीएसटी पुढे वळता करून घेतो. तुमचा नोंदणीशी संबंध नाही, तेव्हा तो कर तुमच्या खिशातून जातो आणि तिथेच संपतो. २० किलोचे २,८००, कर ५०४, ट्रान्सपोर्ट २५०, एकूण ३,५५४. म्हणजे घरपोच पावणेदोनशेच्या वर, नेमके १७७ रुपये ७० पैसे किलो. तुमच्या दुकानदाराचे २०० हे करासकट आणि हातात. चार स्पूलं त्याच्याकडून घेतली तर ४,००० होतात. बचत ४४६ रुपये.

आता ही बचत हातात कधी पडते ते बघा. वर्षाला दोन किलोने वीस किलो संपायला दहा वर्षं. म्हणजे वर्षाला पंचेचाळीस रुपयेही नाहीत. आणि त्यासाठी आज एका स्पूलापेक्षा २,५५४ रुपये जास्त अडकवायचे. हेच पैसे सात टक्क्यांच्या ठेवीत राहिले, तर पहिलं स्पूल संपायच्या अडीच वर्षांत सरळ व्याजानेच ४४७ रुपये होतात. म्हणजे दहा वर्षांची सगळी बचत पहिलं स्पूल संपायच्या आत व्याजाने खाल्ली, तीही एक रुपया जास्तच. खरं सांगतो, हे गणित इतकं तंतोतंत जुळेल असं मलाही मांडायच्या आधी वाटलं नव्हतं. एवढ्या लहान रकमेत व्याज काढत बसणं एरवी मला हास्यास्पद वाटतं.

भाववाढीची भीती म्हणाल, तर दहा टक्के वाढ झाली तरी किलोमागे वीस रुपये, तुमच्या वापराला वर्षाचे चाळीस. विक्रेत्याला महिनाअखेरीला बॉक्स हलवायचे असतात. त्यात त्याचं काही चुकत नाही, पण त्याची घाई आपण का अंगाला लावून घ्यायची?

इथवर मी धरून चाललो की वीसच्या वीस किलो वायर जोडात जाणार आहे. ते होणार नाही. माझे वडील सांगलीत फॅब्रिकेशनची शेड चालवायचे. एकदा भाव चढणार म्हणून त्यांनी वेल्डिंग रॉडची अर्धा क्विंटल पाकिटं भरून ठेवली, आणि २००५ च्या पुराचं पाणी शेडमध्ये आलं. रॉड वाळवले, विकता येईनात म्हणून स्वतःच वापरले. पेटवला की वरचा लेप पापुद्र्यासारखा गळायचा. वडील तेव्हापासून मालाचा भाव विचारताना एक वेगळाच प्रश्न विचारायचे, "यातला जोडात किती जाणार?" तोच भागाकार मी तुमच्यासाठी केला आहे. एकूण दिलेले पैसे भागिले प्रत्यक्ष जोडात गेलेले किलो.

बॉक्समधली निम्मी वायर गंजली, तर वापरलेल्या दहा किलोंचा भाव ३५५ पडतो. म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातल्या सुट्या किलोपेक्षाही महाग. सुट्या किलोंच्या बरोबरीला यायचं तर या बॉक्समधली साडेदहा किलो वायर चांगल्या स्थितीत वापरली जायला हवी, म्हणजे पाच वर्षांहून जास्त, पाच पावसाळे. ५ किलोचं स्पूल मात्र तीन किलो वापरलं की सुट्या किलोंची बरोबरी करतं (१,००० भागिले ३४०). उरलेली दोन किलो भंगारात घातली तरी तुम्ही तोट्यात नाही. आणि तीन किलो म्हणजे तुमचं दीड वर्षाचं काम. दसऱ्यानंतर उघडलं तर मधे एकच पावसाळा सांभाळायचा.

दसऱ्यानंतर म्हणतोय त्याचं कारण तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. कोकणात आगोटीची, म्हणजे पावसाच्या तोंडावर, बेगमी करतात ती खायच्या जिनसांची. सुकं, मिरच्या, कुळीथ, पापड. ते घरात आणून पावसाळाभर संपवायचं असतं. वायरीचं नेमकं उलटं. ती पावसाळा संपला की आणायची आणि मिरगाच्या आत होता होईल तेवढी संपवायची. आगोटीला वायर भरणारा माणूस गंज विकत घेतो.

या वायरीवर जो तांबूस मुलामा असतो, त्याचं मुख्य काम टिपमधून (गनच्या टोकाची छोटी नळी) वीज नीट वाहावी आणि वायर सुरळीत सरकावी हे. गंज तो थोडा लांबवतो, थांबवत नाही. खाडीची खारी हवा, घामट बोटांचे डाग आणि पावसाळाभर मशीनवरच चढवून ठेवलेलं स्पूल, एवढं पुरतं. मग वायर सरकताना गंजाची भुकटी लाइनरमध्ये (वायर गनपर्यंत नेणाऱ्या नळीत) साचते, वायर अडखळते, टिप लवकर झिजते, ठिणग्या उडतात आणि जोडात बारीक भोकं पडतात. भोकं पडलेला जोड ग्राइंडरने काढून परत करायचा, म्हणजे पुन्हा वायर, पुन्हा गॅस, पुन्हा डिस्क. वायर स्वस्त आहे, तिच्यामागून येणारा खर्च तितका स्वस्त नाही. आणि कुणी सांगितलं म्हणून वायरीला तेल लावू नका. तेल आर्कमध्ये जळतं, त्यातला हायड्रोजन जोडात जातो आणि भोकं वाढतात.

कपाटाचं गणित मला मजेशीर वाटलं. ६० वॉटचा बल्ब चोवीस तास म्हणजे रोज १.४४ युनिट. जून ते सप्टेंबर १२२ दिवस, साधारण १७६ युनिट. आठ रुपये युनिट धरलं तरी चौदाशे रुपये, दर पावसाळ्याला. वायरीची दहा वर्षांची बचत ४४६ आणि ती राखायला वर्षाला १,४०० चा पहारा! शिवाय महिन्याला चव्वेचाळीस युनिट वाढले की शंभराच्या आत बसणारं बिल पुढच्या महाग टप्प्यात जाऊ शकतं, ते वेगळंच. पंधरा वॉटचा झिरोचा बल्ब लावला तरी साडेतीनशे. बरं, बल्ब ओलावा काढून टाकत नाही, फक्त आतली हवा गरम ठेवतो. तुमच्याकडे पावसात लाइट किती तास जाते ते तुम्हीच मोजा. कपाट निवलं की बाहेरची दमट हवा फटींतून आत. (एलईडी बल्ब तर त्यासाठी चालणारही नाही, त्यात तेवढी उष्णताच नसते.)

त्याऐवजी घट्ट झाकणाचा पत्र्याचा नाहीतर प्लास्टिकचा नऊ इंची डबा घ्या. ५ किलोचं स्पूल वीस सेंटिमीटर व्यासाचं असतं, आरामात बसतं. काम संपलं की वायरीचं टोक स्पूलच्या कडेच्या भोकात अडकवून स्पूल मशीनवरून उतरवायचं, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळायचं आणि डब्यात. सोबत सिलिका जेलची मूठभर पुडी. निळे दाणे गुलाबी झाले की ती वाळवावी लागते, पण स्वयंपाकाच्या कढईत नको. त्या निळ्या रंगात कोबाल्टचा क्षार असतो, तेव्हा घरातल्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर पापडाच्या डब्यात जायची. डबा जमिनीवर किंवा चिऱ्याच्या भिंतीला टेकून नको, फळीवर ठेवा. यापेक्षा जास्त काही लागत नाही.

वर्षाला दोन किलो हा अंदाज तुम्ही सढळ हाताने धरला असावा, अशी मला शंका आहे. ०.८ ची एक किलो वायर जवळजवळ अडीचशे मीटर भरते. ३ मिमीचा टाका घातला तर एक मीटर जोडाला साधारण ३५ ग्रॅम धातू लागतो. घरगुती मापाच्या गेटला दीड इंची चौकोनी पाइपचे चाळीस जोड आणि प्रत्येकी सोळा सेंटिमीटर टाका धरला, तर साडेसहा मीटरच्या आतबाहेर काम होतं. सव्वादोनशे ग्रॅम. ठिणग्या, कापलेली टोकं, चुकलेले टाके धरून पाव किलोच्या थोडं वर. दोन किलोत अशी सातेक गेटं होतील. गेल्या वर्षी सात गेटांएवढं काम झालं का? झालं असेल तर माझा सल्ला जसाच्या तसा. निम्मंच झालं असेल, तर ५ किलोसुद्धा घेऊ नका, १ किलोच्या पुड्या आणत राहा. तीन किलो वापरायला तीन वर्षं लागणार असतील, तर स्वस्त स्पूलाचा फायदा मधल्या दोन-तीन पावसाळ्यांत विरघळतो. डब्याच्या झाकणावर कागद चिकटवून तारीख आणि काम लिहायला लागा. मे महिन्यात उत्तर समोर असेल.

गॅसचं तुम्ही लिहिलेलं नाही, पण तोही त्याच हिशोबात आहे. ढोबळमानाने एक किलो वायरीला एक किलो कार्बन डायऑक्साइड लागतो, तोही रेग्युलेटर गळत नसेल तर. काम संपल्यावर सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद न करणाऱ्याने वायरीत पंचेचाळीस रुपये वाचवणं म्हणजे गळक्या पिंपात काटकसरीने पाणी भरणं. साबणाचा फेस लावून एकदा जोडण्या बघा.

अंगणात, वाऱ्यात काम करायला बिनगॅसची फ्लक्स असलेली वायर घ्यावीशी वाटेल. ती कधीही १ किलोच्या वर घेऊ नका, कितीही स्वस्त दिली तरी. नळीसारख्या त्या वायरीच्या शिवणीतून ओलावा आत भुकटीत शिरतो आणि तो पुसून जात नाही. भट्टीत तापवावी तर प्लास्टिकचं स्पूल वितळतं. वाऱ्यातल्या चार-दोन टाक्यांसाठी मी तर साध्या साठ-तेरा (६०१३) रॉडचं पाकीट म्हणेन, तुमच्या मशीनला रॉडचा होल्डर लागत असेल तर. सर्दावलेला साठ-तेरा शंभर-एकशेदहा अंशांवर तासभर ठेवला की बहुतेक वेळा ताळ्यावर येतो. सत्तर-अठरा (७०१८) रॉडच्या वाटेला मात्र जाऊ नका. त्याला तीनशेच्या वर तापमान लागतं, ते घरच्या ओव्हनमध्ये होत नाही. गेट-जाळीला त्याची गरजही नाही.

राहिले अडीच हजार. ते ठेवीत टाका असं मी एरवी म्हटलं असतं. पण तुम्ही पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलंय की अजून हातात धरायची काच वापरता. निवृत्त माणसाचे डोळे हा माझ्या कोष्टकात न बसणारा खर्च आहे. आपोआप काळी होणाऱ्या काचेची वेल्डिंगची टोपी आणि चामडी हातमोजे घ्या. उरले तर पडवीतल्या त्या बोर्डाला ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आहे का ते वायरमनला दाखवा.

एक विचारायचं राहिलं. आत्ता मशीनवर अर्धं स्पूल चढलेलंच आहे ना? ते आज संध्याकाळी उतरवून डब्यात घाला. वरचे दोन-तीन पदर तांबूस जाऊन तपकिरी झाले असतील, तर तेवढे ओढून कापून टाका आणि आतलं बघा. आतलं चकचकीत असेल तर दसऱ्यापर्यंत दुकानात जायचीही गरज नाही.