‘स्वैर’ लेखन चालतं, मग ‘स्वैरिणी’ का नाही?

एका वाचक बाईंचा प्रश्न आहे. ‘स्वैर अनुवाद’, ‘स्वैर लेखन’ हे आपण बिनदिक्कत, कधी कौतुकानंही म्हणतो. मग तोच शब्द बाईला लागून ‘स्वैरिणी’ झाला की शिवी कसा होतो? हे संस्कृतातलंच की मराठीनं केलं? त्या कालिदासाच्या ‘शाकुंतल’ नाटकावर निबंध लिहीत आहेत आणि शकुंतलेला ‘स्वैर’ म्हणावं की ‘स्वतंत्र’, इथे अडल्या आहेत.

संस्कृतातलंच आहे. पण मराठीनंही त्यात आपला हात धुऊन घेतलाय.

‘स्वैर’ म्हणजे स्व + ईर. ‘ईर्’ म्हणजे हलणं, जाणं. ‘समीर’ आणि ‘प्रेरणा’ याच धातूचे. नेहमीच्या संधीनं खरं तर ‘स्वेर’ व्हायला हवं, पण या शब्दापुरता कात्यायन या जुन्या वैयाकरणानं वेगळा नियम सांगून ठेवलाय. शाळेत संस्कृत घेतलं असेल त्यांना ‘अक्षौहिणी’, ‘प्रौढ’ आणि ‘स्वैर’ हे अपवाद एका दमात पाठ केल्याचं आठवेल. अर्थ एवढाच: आपल्या मनानं चालणारा, चालणारी. शीलाचा, चारित्र्याचा त्यात मागमूस नाही.

आता अमरकोश हा संस्कृतचा जुना शब्दकोश उघडा. ‘पुंश्चली धर्षिणी बन्धक्यसती कुलटेत्वरी । स्वैरिणी पांसुला च’ अशी एक ओळ सापडेल. बदफैली बाईसाठी आठ शब्द एका दमात दिलेत. त्यांची फोड करत बसलो तेव्हा मी चमकलोच. कुलटा म्हणजे घरोघर हिंडणारी (‘अट्’ म्हणजे भटकणं, ‘पर्यटन’मधला). इत्वरी म्हणजे नुसतीच ‘जाणारी’. कुठे, कुणाकडे, काही नाही. पुंश्चलीत ‘चल्’ आहे. स्वैरिणीतलं ‘ईर्’ आपण पाहिलंच. आणि पांसुला म्हणजे धुळीनं माखलेली. रस्त्यावरून आली की धूळ लागणारच की! आठांतले निदान चार शब्द उघडउघड चालण्याचे आणि पाचवा चालण्याच्या खुणेचा. बाई वाईट आहे हे सांगायला कोशकाराला तिचं दुसरं काही सांगावं लागत नाही, ती घरात नाही एवढं पुरतं.

संस्कृतात ‘स्वैरी’ हा पुल्लिंगी शब्दही निंदेचाच होता, हे मात्र आपण विसरलो. छांदोग्य उपनिषदात अश्वपती कैकेय राजा आपल्या राज्याबद्दल सांगतो: माझ्या राज्यात चोर नाही, कंजूष नाही, दारुडा नाही, ‘न स्वैरी स्वैरिणी कुतः’. स्वैरी पुरुषच नाही, मग स्वैरिणी कुठून येणार? राजाला बायकांचा कैवार घ्यायचा होता असं मी म्हणणार नाही, तो आपल्या कारभाराची फुशारकी मारतोय. पण जबाबदारीचा क्रम त्यानं बरोबर लावलाय. मराठीनं हात धुतला तो इथे. ‘स्वैरिणी’ ठेवली आणि ‘स्वैरी’ टाकून दिला. ‘स्वैराचारी’ पुरुषालाही म्हणतात, मान्य, पण ती त्याच्या वागण्यावरची टीका. एकदा ‘स्वैरिणी’ म्हटलं की ते तिचं नावच होऊन बसतं.

हा शब्द बाईच्या तोंडी कुठे येतो ते शोधलं, तर महाभारतात कुंतीशी गाठ पडते. पंडूला मूल हवंय, स्वतःला होणं शक्य नाही. तो कुंतीला समजावतो की पूर्वी स्त्रिया ‘अनावृताः’ (मोकळ्या) होत्या, ‘कामचारविहारिण्यः स्वतन्त्राः’ (मनाला येईल तसं वावरणाऱ्या, स्वतंत्र) होत्या, एकाच नवऱ्याचं हे बंधन श्वेतकेतू ऋषीनं नंतर घातलं. वि. का. राजवाड्यांनी विवाहसंस्थेच्या इतिहासासाठी हा भाग बारकाईनं तपासला आहे. मला त्यातली वेळ महत्त्वाची वाटते. नवऱ्याला गरज पडली तेव्हा ‘स्वतंत्र’ हा शब्द प्राचीन आणि पवित्र झाला. पुढे युधिष्ठिर, भीम, अर्जुन झाले आणि पंडूला आणखी हवं झालं. तेव्हा कुंती म्हणते, आता पुरे: ‘अतः परं स्वैरिणी स्याद्बन्धकी पञ्चमे भवेत्’, चौथ्याला स्वैरिणी, पाचव्याला बंधकी (अमरकोशातल्या त्या आठांतलीच). लोकांनी बायकांना फेकून मारायला घडवलेला दगड तिनं उचलला आणि नवऱ्याच्या वाटेत ठेवला. शास्त्राचा आधार घेऊन तिनं दिलेला हा नकार आहे. पतिव्रता म्हणून तिच्या गळ्यात हार घालणाऱ्यांना तो दिसत नाही. हीच मोजणी पुढे द्यूतसभेत कर्ण द्रौपदीवर लावतो आणि तिला ‘बन्धकी’ म्हणतो. पाच नवरे तिच्या पदरात कुणी टाकले, हे त्या सभेत कुणाला आठवत नाही.

आता शाकुंतल. पाचवा अंक पुन्हा वाचा आणि या वेळी कोण कुठे चालतंय तेवढंच बघा. राजा ओळख देत नाही. शकुंतला त्याला तोंडावर ‘अनार्य’ म्हणते आणि पुढे कडवटपणे म्हणते, बरं, मलाच ‘स्वच्छंदचारिणी’ केलंत! (तिच्या प्राकृतात ‘सच्छंदचारिणी’. इथेही ‘चर्’, चालणं.) आश्रमातली माणसं परत निघतात. ती रडत त्यांच्या मागे जाऊ लागते. त्यांच्यातल्या वडीलधाऱ्या गौतमीच्या लक्षात येतं, ती सांगते की पोर मागे येतेय. कण्वाचा शिष्य शार्ङ्गरव रागानं वळतो: ‘किं पुरोभागे स्वातन्त्र्यमवलम्बसे?’ ‘पुरोभागा’ला मला ‘आगाऊ’ हा मराठी शब्द फार चपखल वाटतो. आगाऊ पोरी, स्वातंत्र्य घेतेस काय? ती थरथर कापते. गरोदर बाई, नवऱ्यानं नाकारलेली, माहेरच्या माणसांमागे चार पावलं टाकतेय, आणि त्या चार पावलांचं नाव ‘स्वातंत्र्य’! लगेच तो तिला ऐकवतो की तू शुद्ध असशील तर नवऱ्याच्या घरी दास्य केलेलंही चांगलं. महाभारतातली शकुंतला अशी कापत नाही, ती राजाला भर सभेत चांगली लांबलचक सुनावते. दोन शकुंतलांमधला हा फरक इतिहासकार रोमिला थापर यांनी १९९९ च्या आपल्या पुस्तकात उलगडून दाखवला आहे. मात्र कालिदासानं शकुंतलेला मऊ केलं म्हणून त्याच्यावर फार चिडू नये असं मला वाटतं. शार्ङ्गरवाच्या तोंडी ते वाक्य घालून तिला कापताना दाखवणारा नाटककार कुणाच्या बाजूनं होता, हे इतकं सरळ सांगता येत नाही.

आणि हे सगळं जुनं झालं असं समजू नका. ‘चालू’ हा आपला रोजचा शब्द घ्या. ‘पोरगा चालू आहे’ म्हणजे हुशार, लबाड, काम काढून घेणारा. ‘पोरगी चालू आहे’ म्हणजे काय, ते सांगायला नको. धातू पुंश्चलीतलाच, ‘चल्’, आणि अर्थानं इत्वरीचाही मराठी अवतार. भटकभवानी, उंडगी, ‘मुलीच्या जातीनं हुंदडू नये’, ‘पाऊल वाकडं पडलं’... आमच्या आजीच्या बोलण्यात बाईचं सगळं बरंवाईट घोट्याच्या खालीच घडायचं.

या सगळ्या शब्दांना मराठीतच एक उत्तर फार आधी दिलं गेलंय. ‘डोईचा पदर आला खांद्यावरी । भरल्या बाजारी जाईन मी’ म्हणत जनाबाई निघते. आडवाटेनं नाही, भरल्या बाजारातून. आणि लोक काय म्हणतील ते स्वतःच म्हणून मोकळी होते: ‘जनी म्हणे देवा मी झालें वेसवा’. काही प्रतींत ‘येसवा’ असा पाठ आहे, पण अर्थ वेश्या हाच, त्याला ‘यश’ वगैरे जोडून सोवळं करू नये.

तर बाई, निबंधात ‘स्वैर’ नको, आजच्या मराठीत तो शकुंतलेवर अन्याय होईल. ‘स्वतंत्र’ लिहा. फक्त हा शब्द त्या नाटकात तिला पहिल्यांदा कोण आणि कोणत्या सुरात लावतो, ते शार्ङ्गरवाच्या वाक्यासकट खाली द्या.